कुंभकर्ण म्हणे!

कालपासून डोकं तडकलंय. आई म्हणते, बोर्ड तोंडावर आलंय, भूमिती काढ. नाही काढत. आधी हे लिहून होऊ दे.

कुंभकर्ण! आमच्या मामाला कुंभकर्ण! भर निरोप समारंभात, फिशपाँड म्हणून, म्हणजे एकेकाला चिडवायची ती चिठ्ठी माईकवरून वाचून, आणि वर तो भाड्याने आणलेला निवेदक म्हणतो, "जोरदार टाळ्या!" कसल्या टाळ्या? आमच्या वर्गातून एकही वाजली नाही. वाजवल्या त्या पाहुण्यांनी आणि पहिल्या रांगेतल्या काकूंनी.

मामा म्हणजे रोल नंबर ३१. सहावीपासून मामा, कारण अडलं-नडलं की सगळे त्याच्याकडेच धावतात. सेफ्टी पिन, जादा रिफिल, कर्कटक, सुट्टे पैसे, काय वाट्टेल ते त्याच्या दप्तरात मिळतं. हा मुलगा पहाटे चारला उठतो. ठाणे स्टेशनजवळ पेपरचे गठ्ठे उतरतात तिथे बसून पुरवण्या भरतो, मग विष्णुनगर, भास्कर कॉलनी, राम मारुती रोड अशी सायकलवर लाईन टाकतो. आमच्या बिल्डिंगचीही लाईन त्याचीच. आणि सातच्या आत शाळेच्या फाटकात हजर. दोन वर्षांत एकदाही त्याच्या नावापुढे उशिराची खूण नाही. जुलैत नौपाड्यात गुडघाभर पाणी होतं तेव्हासुद्धा नाही!

तिसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटतात. मिटणारच. तेव्हा पुढच्या बाकावरचे दोघं उंच मुलगे जरासे आत सरकून बसतात, म्हणजे सरांना तो दिसत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही, कुणी कधी बोललेलंही नाही. तास संपला की शेजारचा त्याच्याकडे वही सरकवतो. त्या वहीच्या कोपऱ्यात मग काळा अंगठा उमटतो, छपाईच्या शाईचा. वर्गात अर्ध्या वह्यांवर तो अंगठा आहे. मराठीच्या पूर्वपरीक्षेच्या पेपरवरही होता, आणि त्या पेपरात त्याला ८० पैकी ६९ आहेत.

त्याने काय केलं माहितीये? हसला. स्टेजवर गेला, गुलाब घेतला, ती छापील पट्टी चार घड्या करून खिशात घातली आणि जागेवर येऊन बसला. मी बरोब्बर त्याच्या मागे होते. त्यानंतर पाहुण्यांचं भाषण झालं. हॉलमध्ये अंधार, डोक्यावर पंखा, कंटाळा असा की बाईंनाही जांभया. पण मामा ताठ. एकदाही मान कलली नाही. मुद्दाम डोळे फाडून जागा राहिला होता तो, शेवटच्या मिनिटापर्यंत. ते बघून मला जे झालं ते अजून गेलेलं नाही.

आणि हे सगळं टाळता आलं असतं! फिशपाँड लिहिले होते की मी! दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं, "सगळ्यांवर लिही, एकही सुटता कामा नये. जाडी, रंग, मार्क आणि कुणाचे आईवडील काय करतात, यावर एक अक्षर नको." ४७ जण. ४७ चिठ्ठ्या. आवडत्यांवर काय, कुणीही लिहील. मागून दुसऱ्या बाकावरच्या, ज्याच्याशी मी आठवीपासून बोललेच नव्हते, त्याच्यावर लिहायला मी आठ दिवस त्याला बघत होते. तेव्हा कळलं की तो रोज फळा पुसताना सुविचार तेवढा शिल्लक ठेवतो. त्याच्या चारही बाजूंनी डस्टर फिरवतो, सुविचाराला धक्का नाही. आता सांगा, हे तुमच्या त्या तयार यादीत कुठे मिळणार होतं?

तयार यादी! माझ्या चिठ्ठ्या सोडून तीच वाचली. झोपाळू कोण, बडबडी कोण, खादाड कोण, रडूबाई कोण. वीस रकाने, आणि ते भरायला वीस नावं. दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या बॅचला ह्याच ओळी वाचल्या होत्या, अक्षर न अक्षर ह्याच. बडबडी म्हणून कुणाचं नाव पुकारलं? रोल नंबर १२! तिला! मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा आम्ही चौथीत होतो, पाचवी सगळी मोबाईलवर गेली. त्या अख्ख्या वर्षात हिचा माईक एकदाही सुरू झाला नाही. आवाज कसा आहे तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शाळा उघडल्यावर मधल्या सुट्टीत एकदम खणखणीत आवाज आला, "माझा डबा कोणी घेतला?" सगळा वर्ग गप्प. तेव्हापासून ती आमची डबा. अजूनही दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल, पण जे बोलते ते कामाचं. आणि तिला "बडबडी मैना"? ती बिचारी वळून वळून मागे बघत होती, दुसऱ्या कोणाचं तर नाव नाही ना म्हणून.

खादाड कोणाला म्हटलं ते मी लिहिणारच नाही. बाईंनी जे नको म्हणून बजावलं होतं नेमकं तेच वाचलं.

उरलेल्या २७ जणांना काय? नुसता गुलाब आणि पेन. आमच्या कंडक्टरलासुद्धा! जो भूमितीच्या तासाआधी दारात लटकून ओरडतो, "समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, चला पुढे सरका, पुढे मोकळं आहे, शेवटचा स्टॉप महत्त्वमापन!" आणि खडूच्या तुकड्यावर टकटक करून तिकीट फाडतो. प्रमेय सिद्ध करता आलं नाही की त्याच्याकडे एकच उत्तर, "सुट्टे नाहीत, उतरताना घ्या." त्याच्यावर एक शब्द नाही. का, तर यादीत तसा रकाना नव्हता.

समारंभाच्या समितीतल्या काकू मला म्हणाल्या, "अगं वेळ नाही गं, तुझं फार लांबतंय, आणि हे कसं मजेशीर आहे." वेळ नाही? मी घरी घड्याळ लावून वाचून बघितलं होतं. एका चिठ्ठीला वीस सेकंद. ४७ चिठ्ठ्यांना सोळा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि पाहुणे? १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी ठाण्याला आली, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. ठाण्यातल्या पोरांना! ती गाडी बोरीबंदरहून निघून ५७ मिनिटांत पोचली होती, ह्यांचं भाषण तेवढ्यातही संपलं नाही. त्याला वेळ होता. सॅशला वेळ होता. "मिस स्माईल", "मिस्टर पर्सनॅलिटी", सगळं पहिल्या दोन बाकांवर वाटून झालं, दरवर्षी वाटतात तसं. केक कापायला वेळ होता, त्या केकवर दहावी ब चं "बी" इंग्रजीत आणि आमच्या बाईंचं आडनाव चुकलेलं.

ग्रुप फोटोतही हेच केलं. उंचीप्रमाणे उभं केलं, म्हणजे कोणीच आपल्या माणसाशेजारी नाही, आणि मागची रांग कपाळापासून वर गायब. नववीत सहल ऐन वेळी रद्द केली. पीटीचा तास दोन वर्षं गणिताने खाल्ला. तेव्हा आम्ही गप्प बसलो. म्हटलं, जाऊ दे, निरोपाला तरी आपलं आपल्याला मिळेल.

आणि मला ज्याची सगळ्यात चीड येते ते वाक्य, "एवढं काय त्यात?" मैत्रिणीही म्हणाल्या. एवढं हेच त्यात, की दहा वर्षं एका वर्गात बसल्यावर जाताना कोणीतरी म्हणायला हवं, तू असा आहेस, आम्ही बघितलंय. चिडवा ना! खुशाल चिडवा! पण त्यालाच चिडवा, भलत्याला नको.

माझ्या चिठ्ठ्यांचा बिस्किटाचा डबा मला नंतर स्टेजमागच्या टेबलाखाली सापडला. झाकण उघडं, वर वड्यांच्या प्लेटा रचलेल्या. आठ नंबरच्या चिठ्ठीवर तेलाचा गोल डाग, चौदा नंबरवर हिरवी चटणी. त्या दोन रात्री परत लिहून काढल्या. बाकी पंचेचाळीस धड आहेत.

हॉलतिकीट घ्यायला सगळे शाळेत येणारच आहेत. तेव्हा फाटकात उभी राहून एकेकाच्या हातात देणार आहे. माईक नको, गुलाब नको, कोणाची परवानगी तर मुळीच नको.

मामाची मात्र तोवर थांबवत नाही. आत्ता रात्रीच आमच्या दाराच्या कडीत अडकवून ठेवली आहे. सकाळी पेपर लावताना त्याच्या हाताला लागेल.