परदेशातून : रेषा कुणी आखायची?

सॉल्ट लेक सिटीहून तीनेक तास दक्षिणेला, अमेरिकेतल्या युटा राज्याच्या एमरी काउंटीत, सॅन राफाएल स्वेल नावाचा लाल खडकांचा मुलूख आहे. गेल्या शरदात शेजारच्या आजोबांना घेऊन तिथे गेले होते. वय 78, दोन्ही गुडघे गेलेले. एका कच्च्या वाटेच्या तोंडाशी तपकिरी प्लॅस्टिकचा चपटा खांब रोवलेला, त्यावर गाडीवर काट मारलेलं चित्र. आजोबा उतरले, खांबाला हात टेकून पलीकडे बघत राहिले. पुढे चार मैलांवर त्यांच्या वडिलांचा गुरांचा तळ होता. तिथवर चालणं आता त्यांना या जन्मी शक्य नाही.

1964 च्या विल्डरनेस कायद्याने ज्या रानाला ‘विल्डरनेस’चा, म्हणजे माणसाच्या ढवळाढवळीपासून राखलेल्या रानाचा दर्जा मिळतो तिथे रस्ता नाही, मोटार नाही, यांत्रिक करवत नाही, साधी सायकलसुद्धा नाही. आधीपासूनची गुरंचराई चालू राहते हे खरं, पण पाण्याची टाकी फुटली तर ट्रक न्यायला सवलत मागावी लागते. युटाची जवळपास दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारची आहे, त्यामुळे इथे असा प्रत्येक निर्णय थेट माणसाच्या दारात येतो.

1989 पासून अमेरिकी संसदेत ‘रेड रॉक विल्डरनेस’ विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. त्यात युटातल्या 80 लाखांहून जास्त एकरांना हा दर्जा द्यायचाय, म्हणजे पुणे, सातारा, सांगली हे तिन्ही जिल्हे एकत्र केल्यावर भरतील जवळपास तेवढे. सिनेटमध्ये ते वर्षानुवर्षं मांडलं दुसऱ्याच राज्याच्या, इलिनॉयच्या सिनेटर डिक डर्बिन यांनी. युटाचे स्वतःचे खासदार विरोधात. माझाही विरोध आहे.

तिथली माती मला कळत नाही असं नाही. वाळवंटावरचा तो काळा खडबडीत थर जिवंत असतो. त्यावरून एक चाक गेलं की पुन्हा धरायला दशकं लागतात. काही वाटा बंद व्हायलाच हव्यात. पण कुठल्या, हे तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवा. एमरी काउंटीत तेच झालं. स्थानिक लोकप्रतिनिधी, गुरंवाले, गाड्यांचे शौकीन, पर्यावरणवाले वर्षानुवर्षं भांडले, नकाशे खोडले, पुन्हा काढले आणि 2019 च्या कायद्यात सुमारे 6 लाख 60 हजार एकर विल्डरनेस झालं. सगळे खूश नव्हते, पण सगळ्यांशी बोलणं झालं होतं.

हे मला इतकं लागतं, कारण माझं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं. 1985 ला भीमाशंकर अभयारण्य झालं. त्याआधी आजी बाळहिरडा झोडायची, अंगणात वाळत घालायची. वर्षाच्या मीठमिरचीचा पैसा त्यातूनच यायचा. अभयारण्य झाल्यावर काठी उचलायच्या आधी ती आजूबाजूला बघायला लागली. ते बघणं मी विसरू शकत नाही. स्वतःच्या रानात चोरासारखं!

गाडगीळ समितीने 2011 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पश्चिम घाटातल्या मर्यादा ग्रामसभांशी बोलून ठरवा. तो अहवालच लोकांच्या हाती पडायला 2012 उजाडलं, तेही माहितीच्या अधिकारासाठी झगडून. तोवर ‘घरं जाणार, शेती बंद होणार’ ही अफवा गावोगाव पोचली होती. दुसरीकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला. बांबू तिथे गावच तोडतं आणि जंगलही गावच राखतं.

जुलै 2024 मध्ये पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना निघाली. त्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर आहेत. हरकतींसाठी 60 दिवस दिले होते. मी इथून चुलतभावाला फोन केला, त्यातल्या गावांच्या यादीत आपलं गाव आहे का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “ताई, कसली यादी?”