गचक्यांची निगा कशी राखावी

मोकळ्या रस्त्यावर तुमची मोटरसायकल गुमान पळते. पण गर्दीत शिरलात, पहिला-दुसरा गिअर आला, अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडून पुन्हा हलकेच पिळला की मान पुढे, मान मागे. मागे बसलेल्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टकटक करतं. वळताना अगदी मध्यावर गचका बसतो आणि घाईघाईने पाय टेकवावा लागतो. असं होत असेल तर अभिनंदन, निम्मं काम झालेलं आहे. उरलेलं कसं पार पाडायचं ते सांगतो.

गचके आपोआप येत नाहीत बरं का. ते वाढवावे लागतात, जपावे लागतात. मी नुकतीच एक वापरलेली गाडी विकत घेतली. तिच्या आधीच्या मालकाने हे काम इतक्या निष्ठेने केलं होतं की त्याच्या पद्धती चार लोकांपर्यंत पोचवणं मला कर्तव्य वाटू लागलं.

सुरुवातीलाच आरोपी ठरवून टाका: ईसीयू, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर. तो काळ्या डबीत बंद असतो, उलट बोलत नाही, आणि आत काय चालतं ते कुणालाच धड ठाऊक नसतं. यापेक्षा सोयीचा आरोपी मिळणार नाही. "फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या अशाच असतात" हे वाक्य पाठ करा. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते इतकं कामाला येतं. इंजिन ठरावीक आरपीएमच्या वर फिरत असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद केला की ईसीयू इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं पेट्रोल तोडतो. पुन्हा पिळला की पेट्रोल सुरू. शिवाय धुराच्या नियमांपायी मिश्रण वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल याच्या आसपास धरून ठेवलेलं असतं, ते जोर काढायला लागतं त्यापेक्षा कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं. त्यामुळे ही सुरुवात फारशी मऊ नसते. झालं, इथेच थांबा. एवढासा धक्का चाकापर्यंत जाईतो एवढा मोठा कसा होतो, असं कुणी विचारलंच तर विषय बदला.

मग खरेदीला निघा. एक्झॉस्ट बदला. एअर फिल्टरचा डबा काढा आणि त्या जागी तो उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवा. धूळ, पाऊस, चिखल सगळं त्याचं तो बघून घेईल. हवा जास्त जाऊ लागली, पेट्रोलचा हिशोब जुनाच राहिला, म्हणजे मिश्रण आणखी कोरडं झालं. छान. आता ते सुधारायला एक छोटी डबी घ्या. ही डबी ईसीयूला सांगते की आत येणारी हवा आहे त्याहून थंड आहे. ईसीयू विश्वास ठेवतो आणि जास्त पेट्रोल सोडतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला ही थाप कळते, आणि जिथे जिथे त्याचं चालतं तिथे तो पेट्रोल पुन्हा कमी करायला लावतो. पण तोवर तुमचं सगळ्यांना सांगून झालेलं असतं की जमीन-अस्मानाचा फरक पडला.

खरेदीतला मुकुटमणी म्हणजे क्विक थ्रॉटल. ही शर्यतीच्या गाड्यांची चीज. मूठ थोडीशी फिरवली तरी थ्रॉटल (इंजिनाला हवा सोडणारी झडप) नेहमीपेक्षा जास्त उघडावा, यासाठी बनवलेली. म्हणजे हळू चालवताना मनगटाची जी हालचाल बारीकात बारीक व्हायला हवी, तीच हा मोठी करून इंजिनाला पोचवतो. गचक्यांवर उपाय म्हणून हे कुणाला सुचेल, असं वाटतं ना? माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाला सुचलं. वर छाती फुगवून म्हणाला, "रिस्पॉन्स एकदम शार्प करून घेतलाय." घेतलाय खरा. लागतोच आहे.

थ्रॉटल बॉडीवर रंगाचा ठिपका लावलेला स्क्रू दिसला की तो आधी फिरवा. ठिपका शोभेचा असतो.

आता चेन. तिच्याकडे बघू नका. तेल मारायचंच असेल तर बाहेरून चकाकेल इतपत मारा, पण मोजू मात्र नका. मोजायला लागते एक फूटपट्टी, आणि फूटपट्टी हे काही मिरवण्याजोगं अवजार नव्हे. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चेनच्या खालच्या बाजूचा मध्य बोटाने वर उचलायचा, मग खाली ओढायचा, दोन्हींतलं अंतर बघायचं. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना ते 20 ते 35 मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी सांगितलेलं असतं, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. नेमका आकडा हवा असेल तर पुस्तक शोधायचीही गरज नाही. कितीतरी गाड्यांच्या स्विंगआर्मवरच, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच, स्टिकर असतो. स्टिकर! चेनपासून वीतभर अंतरावर! माझ्या गाडीवरचा तर नवाकोरा होता, धुऊन-पुसून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी चेन इतकी लोंबत होती की स्विंगआर्म वाचवायला बसवलेली रबरी पट्टी तिने खाऊन टाकली होती. पट्टीत चर पडलेला. गाडी धुताना तिथून फडकं फिरवलं असेलच ना कधी? हाताला लागला नसेल तो चर?

त्या ढिलीने होतं काय, तेही ऐका. इंजिन चाकाला ओढतं तेव्हा चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची सैल. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उलटं. आता चाक इंजिनाला ओढतं, खालची बाजू ताणते आणि सगळी ढील वर जाते. पुन्हा पिळलंत की ती ढील संपेपर्यंत इंजिन मोकळं फिरतं, वेग घेतं, आणि मग खाडकन चाकाला भिडतं. हा तुमचा गचका. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर सगळ्यात जास्त पटीने चाकावर जातो, म्हणून तिथे तो सगळ्यात जोरात बसतो. वरच्या गिअरमध्ये, एका चालीने पळताना चेन एकाच बाजूला ताणलेली राहते, म्हणून तिथे काही जाणवत नाही. गर्दीत मिनिटाला दहा वेळा सोड-पीळ, सोड-पीळ, आणि दर वेळी हा हातोडा. यात ईसीयू कुठे आला? ती थापाडी डबी कुठे आली? चेनची ढील एअर फिल्टरने भरून निघणार होती की एक्झॉस्टच्या आवाजाने? एवढा पैसा ओतला, आणि मागच्या चाकाचे दोन अ‍ॅडजस्टर जरा फिरवायला हात वाकडे होत होते?

असो. मी चिडत नाहीये. मी सल्ला देतोय.

चेनच्या बाबतीत दुसरा एक पंथ आहे, "एकदम टाइट"वाल्यांचा. ढिलीने गचके येतात ना, मग ताणा वाजेपर्यंत. माणूस बसला, सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणली जाते आणि सगळा भार पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर येतो. ते बेअरिंग इंजिनात असतं. गचक्यांचं काही झालं नाही तरी खर्चाची सोय होते. आणि मोजलीच तर एकाच जागी मोजा. चाक फिरवून चार ठिकाणी मोजलीत तर ती कुठे ढिली आणि कुठे ताठ झाली आहे ते दिसेल, आणि मग चेन-स्प्रॉकेटचा नवा संच घालावा अशी शुद्ध बुद्धी सुचेल.

मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, धक्के गिळण्यासाठी रबराचे ठोकळे असतात. त्यांचं नावही काढू नका. ते आटतात, दगडासारखे कडक होतात, मग चाक धरून स्प्रॉकेट हाताने हलवलं तरी पुढे-मागे खेळतं. कुणी हलवायला सांगितलं तर हात काळे होतात म्हणा.

केबलचं धोरण दोन प्रकारे राबवता येतं. मूठ फिरवायला सुरुवात केल्यापासून केबल खरोखर ओढली जाईपर्यंत मूठ थोडी रिकामी फिरते. ते रिकामं फिरणं मुठीच्या कडेशी मोजतात. गाडीगणिक आकडा वेगळा, पण साधारण 2 ते 6 मिलिमीटरच्या आत असतो. पहिला प्रकार म्हणजे ते भरपूर वाढू देणं. हात रिकामा फिरतो, फिरतो, काहीच होत नाही, म्हणून आपण आणखी पिळतो, आणि नेमकं तेव्हाच सगळं एकदम येतं. चेनची ढील, हबची ढील, त्यात केबलची ढील. तिन्ही एकापाठोपाठ संपतात आणि मागचा माणूस तुमच्या पाठीवर येतो. केबल वर्षानुवर्षं तेलाशिवाय कोरडी ठेवलीत तर हालचालही अडखळत होईल, म्हणजे दुधात साखर.

दुसरा प्रकार म्हणजे रिकामी जागा अजिबात न ठेवणं. मग हँडल पूर्ण वळवलं की केबल ताणली जाते आणि गाडी आपली आपण रेस होते. अरुंद जागेत, हँडल शेवटपर्यंत वळवून, पायांवर गाडी तोलत यू टर्न घेत असताना, हात न लावता! माझ्या गाडीत हेच करून ठेवलं होतं. त्या भारी थ्रॉटलला जुनी केबल जेमतेम पुरत होती, तरी ओढूनताणून बसवली. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवायचं आणि आवाज चढतो का ते ऐकायचं, मूठ सोडल्यावर आपोआप मागे येते का ते बघायचं, हे कुणी करायचं होतं? गाडी घेणाऱ्याने? गर्दीत?

कार्बोरेटरवाल्यांनी नाराज होऊ नये. पायलट जेट, म्हणजे हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक, कचऱ्याने निम्मं बुजू द्या. कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी जोड तडकू द्या, तिथून चोरहवा शिरेल. सीव्ही कार्बोरेटर असेल तर त्यातल्या रबरी पडद्याला, डायफ्रॅमला, भोक पडू द्या. मग म्हणा, जुनी गाडी आहे, चालायचंच.

क्लच फक्त गिअर बदलायला असतो. अर्धवट दाबून हळू चालवणं नवशिक्यांचं काम.

मागच्या ब्रेकवरचा पाय काढून घ्या. हलका ब्रेक धरून चाललात तर चेन एका बाजूला ताणलेली राहील आणि गचक्यांची सगळी मेहनत वाया जाईल.

अंगठा स्विचच्या डब्याला टेकवून हात स्थिर ठेवू नका. मनगट हवेत तरंगू द्या, नाहीतर खड्ड्याचा धक्का अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचणार कसा?

आणि मेकॅनिक नीट निवडा. मी गाडी जिथे नेली तिथल्या गृहस्थाने ती मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये भन्नाट फिरवून आणली. "काहीच नाही हो, मस्त पळते." मी म्हटलं, हळू चालवून बघा, तक्रार हळूची आहे. म्हणाला, "मग हळू कशाला चालवता?" तरीही आग्रह धरला तेव्हा त्याने स्कॅनर जोडला. एरर कोड नाही. एरर कोड नाही म्हणजे दोष नाही. या सिद्धांतावर दुकानं चालतात. अरे, चेनला सेन्सर नसतो! हबच्या रबराला नसतो! केबलच्या त्या चार मिलिमीटरांचा कोड कुठल्या स्क्रीनवर येणार आहे? खाली वाक, बोट लाव, चेन उचलून बघ. पण नाही. "सेन्सर बदलून बघू." बघू म्हणजे माझ्या पैशाने बघू. आणि फरक पडला नाही की "या मॉडेलला हा प्रॉब्लेम आहेच".

बस झालं. सल्ले संपले.

काही गाड्यांचं मूळ ट्यूनिंग खरंच ओबडधोबड असतं, मान्य. अनेक सिलिंडरच्या गाडीत थ्रॉटल बॉडी व्हॅक्यूम गेज लावून सारख्या कराव्या लागतात, तेही मान्य. चांगल्या माणसाने केलेल्या रीमॅपने, म्हणजे ईसीयूतला पेट्रोलचा हिशोब बदलल्याने, फरक पडतो. पण हे सगळं शेवटी येतं. आधी चेन, हबचं रबर, दोन्ही टोकांची केबल. मग आयडल (मूठ सोडलेली असतानाचा इंजिनाचा वेग) मॅन्युअलमध्ये आहे तेवढं आहे का, फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीतली काजळी, इनटेकचा रबरी जोड. यातलं निम्मं तुम्ही स्वतः अर्ध्या तासात तपासू शकता, आणि तुम्हाला येत नसेल तर ज्याला पैसे देता त्याला ते तुमच्यासमोर करायला लावा. चेन लोंबत असताना ईसीयूला हात लावू देणारे तुम्ही, आणि हात लावणारा तो, दोघंही दोषी. मागे बसवून ज्याला नेता त्याच्या मानेचा तरी विचार करा. आणि हँडल वळवल्यावर रेस होणारी गाडी ज्याने "फुल्ल मेंटेन" म्हणून माझ्या हातात दिली, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. मूर्खाला कळत नसतं. याला यू टर्नला कळतच होतं.

आणि आधीचे मालक, तुम्हाला एकच: मूळ एक्झॉस्ट, फिल्टरचा डबा आणि मुठीखालची जुनी थ्रॉटलची नळी "माळ्यावर असेल, बघून सांगतो" म्हणाला होतात. तेव्हापासून फोन उचलत नाही आहात. उचला.