हीटर बाद करायला निघालेल्यांना

थंडीची चाहूल लागली की आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज नव्याने फिरतो. यंदा तो मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला, त्यात सख्खा मेहुणाही. मजकूर थोडक्यात असा: 'जुनी पिकअप आहे? नाशकात हीटर कशाला लागतो? तो डिझेल खातो. केबिनमधला ऑक्सिजन खातो, ड्रायव्हर झोपेतच जातो. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बाद करा, थर्मोस्टॅट काढून फेका, गाडी गार राहील. आपल्याकडे बर्फ पडत नाही, कुलंट कशाला? बोअरचं पाणी घाला.'

दिंडोरीकडून वाशीला रात्रीची भाजी नेतो मी, गाडी जुनीच आहे. आणि यातला अर्धा सल्ला एकेकाळी मी पाळलेला आहे, म्हणून लिहितोय.

आधी डिझेलचं. हीटरला स्वतःची शेगडी नसते. इंजिन गार ठेवणारं जे पाणी रेडिएटरकडे जातं, त्याचीच एक फांद डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या जाळीत येते आणि ब्लोअर तिच्यावरून हवा फुंकतो. ती उष्णता एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावरच जाणार असते. जास्तीचा खर्च ब्लोअरच्या विजेचा, म्हणजे दोन हेडलाइटच्या आसपास. मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे तो असा: पहाटे गाडी चालू केल्या केल्या हीटर पूर्ण सोडला, तर इंजिन तापायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ डिझेल जास्त जातं. तापमानाचा काटा वर आल्यावर हीटर सोडा, विषय संपला.

ऑक्सिजनचं तर उघडच आहे. जे जळतच नाही ते ऑक्सिजन काय खाणार? पण केबिनमध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या खोट्या नसतात. तिथे मारतो तो सायलेन्सरचा धूर. पाइप गंजून फुटलेला, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकांतले रबर निघून गेलेले, काचा बंद, इंजिन चालू आणि ड्रायव्हर झोपलेला. हीटर काढून हे टळत नाही. पाइप आणि रबर बघून घ्या, आणि बाजार समितीच्या आवारात नंबर लावून झोपायचं असेल तर इंजिन बंद करून, गोधडी घेऊन झोपा. आतलीच हवा फिरवत ठेवली तर झापड येते तेही खरं. म्हणून बाहेरची हवा घेणारा खटका उघडा ठेवायचा.

'नाशकात हीटर कशाला' हा प्रश्न निफाडच्या माणसाने विचारलेला नाही हे नक्की. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो. पण मला हीटर लागतो तो जास्त पावसाळ्यात. एसी नसलेल्या गाडीत ओले कपडे, ओले पोते, तीन माणसांचा श्वास. कसाऱ्यात धुकं बाहेर आणि वाफ आत. समृद्धीचा इगतपुरीच्या पुढचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तरी टोल वाचवायला आम्ही जुना घाट सोडत नाही. हीटर बाद केल्यानंतरच्या पहिल्याच जुलैत उतारावर समोरची काच पांढरी झाली. शेजारी बसलेला पोरगा टॉवेलने पुसतोय, मी खिडकीतून मान काढून चालवतोय. गरम हवा काचेवर सोडली असती तर थोड्या वेळात काच कोरडी झाली असती.

थर्मोस्टॅट काढल्याचं नुकसान सगळ्यात महाग. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो ८२ अंशांच्या आसपास उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरवून त्याला लवकर तापवतो. तो काढला की इंजिन गारठलेलं राहतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होतं, झीज वाढते. म्हणजे डिझेल वाचवायला निघालेला मेसेजच डिझेल वाढवतो! काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात येतं आणि गाडी घाटात उलट तापते.

बोअरच्या पाण्याबद्दल एवढंच की चहाच्या पातेल्याला बसतो तोच क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कुलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतं. ते गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. डिस्टिल्ड पाण्याबरोबर निम्मं-निम्मं, आणि मुदत संपली की बदलायचं.

हीटर गरम हवा देत नसेल तर काढायच्या आधी हात लावून बघा. इंजिन तापलेलं असताना फायरवॉलमध्ये जाणारे दोन्ही रबरी पाइप जपून चाचपायचे. एक गरम, दुसरा गार: जाळी तुंबली किंवा वॉल्व्ह बंद. दोन्ही गरम पण हवा गार: आतली झडप किंवा तिची केबल. दोन्ही कोमट: पाणी कमी, नाहीतर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. तुंबलेली जाळी इंजिन गार झाल्यावर उलट्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवायची. वॉशिंग सेंटरचा फवारा लावाल तर जुने सांधे फुटतील. नंतर पाणी भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, नाहीतर हवा अडकते. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका, हे सांगायला नको, पण माझ्या मिस्त्रीच्या हातावर डाग आहे.

पायाखालची मॅट ओली, गोडसर वास, काचेवर तेलकट थर, म्हणजे जाळी गळतेय. खिशात पैसे नसतील तर पाइप जोडून काही दिवस काढता येतात, मीही काढले. फक्त मध्ये मापाच्या धातूच्या नळीचा तुकडा घाला, प्लॅस्टिकचा नको, आणि दोन्ही टोकांना चांगले क्लॅम्प. आणि मृग लागायच्या आत जाळी बसवून घ्या.