हो की नाही, तेवढंच सांगा

थिसिससाठी रावेर-यावलकडं केळीवाल्यांचा सर्वे केला, प्रश्न मेन एकच, पीकविमा कधी काढला का? हो असेल तर १, नाही तर ०. पण आपल्याकडं सरळ हो-नाही बोलतं कोण! कोणी म्हणे "ते पोरगं पाहतं", आणि एका बाबांनी तर चहा पाजून हरण्या रोगाची अख्खी कहाणी सांगितली, विम्याचं शेवटपर्यंत नावच नाही.

कसंबसं १-० भरलं आणि साधं लिनिअर रिग्रेशन लावलं, म्हणजे शेताचे एकर आणि ते १-० यांच्यातून एक सरळ रेघ ओढायची, कारण येत होतं तेवढंच. आमच्या नानांच्या ३० एकरावर उत्तर आलं १.१३, म्हणजे नानांनी विमा काढला असायची शक्यता ११३ टक्के, आणि अर्ध्या एकरवाल्या एकाची चक्क मायनसमध्ये. सर म्हणाले, "सरळ रेघ ती, एकावर थांबणार आहे का? लॉजिट लाव नाहीतर प्रोबिट."

दोन्हींत रेघ वाकवलेली असते, शक्यता ० आणि १ च्या मधेच राहते. आता या दोघांत कोणतं? प्रोबिट ब्लिसनं १९३४ मध्ये मांडलं, औषध मारल्यावर किडा मेला की नाही यासाठी. (किड्याचं बरं असतं, मेला तर मेला, "पाहू" म्हणत नाही.) लॉजिट हे नाव बर्कसनचं, १९४४ चं. दोन्ही चालवून पाहिले तर शक्यता जवळपास सारख्याच, फक्त लॉजिटचे गुणांक (एकर वाढला की किती फरक, ते आकडे) साधारण दीडपटीच्या वर फुगलेले. म्हणजे दोन रात्री फुकट गेल्या.

लॉजिट घेतलं, तर ऑड्सची भानगड, म्हणजे एका "नाही"मागं "हो" किती. शंभरात ७५ हो म्हणजे ऑड्स ३ ला १. ते डबल झाले तर ६ ला १, पण शक्यता मात्र ७५ वरून जेमतेम ८६. मी "शक्यता दुप्पट" लिहून बसलो होतो, सरांनी लाल पेननं असा गोल काढला की कागद फाटला.

त्यात पीककर्जाचा कॉलम टाकला तर सॉफ्टवेअर येडंच झालं, त्याचा गुणांक २३ आणि स्टँडर्ड एरर (तो आकडा किती डळमळीत, ते माप) हजारांत. कारण काय, तर कर्जवाले सगळेच "हो"! २०२० पर्यंत त्यांना विमा सक्तीचाच होता ना, मग मॉडेल शिकणार काय, डोंबल? तो कॉलमच काढून टाकला.

परवा भरिताच्या पार्टीत नानांना सांगितलं, नाना, आता तुमचे ९४ टक्के येतात, विमा काढलेलाच असणार. नाना कळण्याची भाकर मोडत म्हणे, "नाही काढला."

"पण मॉडेल..."

"अरे मंग ते सहा टक्के म्हणजे मीच ना? वाढ भरीत."