ठसा हवालदारकाकांचा

माझ्या पुस्तकातल्या एका चोरणीच्या गालावर हळद-तेलाचा अंगठा उमटलाय. पुस्तक नवं कोरं. म्हणजे मंगळवारी दुपारपर्यंत होतं.

पुस्तक चित्रांचं, शंभरेक पानांचं. नायिका सेलिना काइल, म्हणजे कॅटवूमन. बॅटमॅन नावापुरता. गुंडांचा काळा पैसा नेणारी आगगाडी ही बाई लुटायला निघते, एवढीच गोष्ट. चोर-पोलिसात कायम चोर व्हायला धडपडणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढी पुरते. आधी खडेबाजारापासून कॅम्पापर्यंत विचारून आलो. एका दुकानदारानं "पोरगं कितवीत हाय?" असं विचारल्यावर निमूट ऑनलाइन मागवलं. कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा मी उद्यमबागेत ड्युटीवर आणि घराला कुलूप. "शेजारी द्या," म्हणालो.

शेजारी म्हणजे हवालदारकाका. गोकाक, अथणी, रायबाग करत रिटायर झालेले.

संध्याकाळी गल्लीत शिरलो तर काका कट्ट्यावर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानावर बॉलपेन, एका हाताशी चिरमुऱ्यांची ताटली, मांडीवर माझं पुस्तक. पार्सलचा पुठ्ठा काकूंनी केव्हाच कढीपत्त्याच्या कुंडीखाली सारला होता.

"काका, पार्सल फोडलं?"

"फोडलं न्हाई, तपासलं. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला बेळगावी. एका माणसाचे दोन पत्ते म्हटल्यावर संशय येणार का न्हाई?"

आता यावर काय बोलणार? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर आम्ही बेळगावी आहोत. घरात बेळगावच आहोत, आणि अ‍ॅपवाले आपापल्या लहरीनं दोन्ही छापतात. एवढ्या मोठ्या सीमाप्रश्नाचा उपयोग माझं पार्सल फोडायला होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

"बस गा," काका म्हणाले. "ह्यात फिर्यादी कोण?"

"फिर्यादी नाही. पैसे गुंडांचे आहेत."

"मग तक्रार कोण देणार? तक्रार न्हाई तर गुन्हा कसला?" त्यांनी अंगठा जिभेला लावला, पान उलटलं, चिरमुरे उचलले, पुन्हा अंगठा जिभेला. मी त्या अंगठ्याकडं बघत होतो. एका माणसाच्या अंगठ्याचा इतका राग मला आजवर कधी आला नव्हता. "आणि आरोपी किती? मी चार मोजालोय. चार असले तर जबरी चोरी, तीनशे ब्याण्णव. पाच झाले की दरोडा, तीनशे पंच्याण्णव. तो माल खपवणारा म्हातारा धरायचा का न्हाई, तिथं अडकलोय बघ."

मला तोंड आवरत नाही, हा माझा दोष. "काका, १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला. आता न्याय संहिता. दरोडा ३१०."

काकांनी चष्मा काढला. "पुस्तक कधीचं? जुनं न्हवं? मग गुन्हा आधीच घडलाय. जुनंच कलम लागणार."

हे बरोबर होतं, त्यामुळं जास्तच चीड आली. "अहो, पण अमेरिकेत घडलाय!"

"मग आमची हद्दच न्हाई," म्हणून काकांनी पुस्तक मिटलं. माझा हात पुढं होईपर्यंत पुन्हा उघडलं. "हद्दीचं मला सांगू नको. एका गड्याला आम्ही गडीपार केलं. कुठं गेला? शिनोळीला! महाराष्ट्र. दिवसभर तिथं बसायचा, रात्री मटण खायला घरी. आम्ही गाडी काढली की हा ओढ्यापलीकडं उभा राहून रामराम करालाय."

गडीपार म्हटल्यावर मला राहवलं नाही. सांगून टाकलं, की कॅटवूमन १९४० साली बॅटमॅनच्या पहिल्या अंकात आली ती दागिने चोरतच. पुढं १९५४ साली अमेरिकेतल्या कॉमिकवाल्यांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली: गुन्हेगाराबद्दल वाचणाऱ्याला माया वाटेल असं काही दाखवायचं नाही. झालं, बाई कॉमिकमधून गायब. परतली थेट १९६६ साली.

"म्हंजे बारा वर्षं गडीपार," काका खूश झाले. "बरोबर केलं की. तिच्याबद्दल माया वाटत्येच बघ. मलाच वाटालीया. म्हणून तर जपून वाचालोय."

काकू चहा घेऊन आल्या. चित्रात डोकावल्या. "एवढं अंगाला घट्ट घालून हिला जिना तरी चढता येतोय काय?" म्हणाल्या, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कप ठेवला. थेट ठेवला. गोल उठला. तो अजून आहे.

मी त्या दिवशी पुस्तक न घेता घरी आलो. हे लिहिताना लाज वाटते. आपले पैसे, आपलं पार्सल, आणि आपण "वाचून झालं की द्या, काही घाई नाही" असं हसत म्हणून येतो. घाई होती. दोन महिने होती! कोऱ्या पुस्तकाचं पहिलं पान उघडताना पाठीतून जो बारीक कुरकुर आवाज येतो तो एकदाच येतो, तो काकांनी ऐकला. याला कलम नाही. घरी बोललो तर बायको म्हणाली, "वाचलंच की, खाल्लं तर नाही." चिरमुऱ्यांचं तेल तिनं पाहिलं नव्हतं. काका आमच्या नळाच्या पाण्यावर लक्ष ठेवतात, गॅसवाला आला की सिलिंडर घेतात, आईला रात्री दवाखान्यात नेलं तेव्हा पुढं बसले होते. अशा माणसाशी पुस्तकावरून भांडायचं कसं? हाच तर त्रास आहे. परका असता तर सरळ भांडलो असतो.

शुक्रवारी पुस्तक आलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीची गाठ मारून, मुद्देमाल आल्यासारखं. सेलिनाबाई प्रत्येक चोरीला हातमोजे घालून जातात, म्हणून अख्ख्या पुस्तकात ठसे सापडले ते एकाच माणसाचे. मोजले. एकोणीस. गालावरचा सगळ्यात स्पष्ट.

तरी म्हटलं, गोष्ट तर शिल्लक आहे. जेवण आटोपून, दार लावून, दिव्याखाली बसलो. आतलं पहिलं कोरं पान उघडलं.

कोरं नव्हतं. निळ्या बॉलपेननं, समास सोडून, सुवाच्य अक्षरात एक ते सात मुद्दे होते. आरोपींची नावं, कोण कुणाला दगा देतं, कोण मरतं, पैसा कुठं जातो. सातवा मुद्दा कन्नडमध्ये, बहुधा सवयीनं. खाली सही, तारीख आणि बक्कल नंबर. आणि कोपऱ्यात, वेगळी चौकट आखून, माझ्यासाठी: "तुझा वेळ वाचावा म्हणून."