नत्र, स्फुरद आणि दोन मासे

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा स्वतःचा समुद्र आहे. दोन फूट लांब, साठ लिटर. त्यात दोन क्लाउनफिश, नऊ किलो दगड आणि माझा गेल्या दिवाळीचा बोनस.

पहिला महिना टाकी बिनमाशांची चालवायची असते, तशी ती चालवली. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर कोको पावडर सांडल्यासारखा तपकिरी थर आला. ते डायटम, म्हणजे डोळ्यांना सुटं न दिसणारं एकपेशीय शेवाळ. नव्या टाकीत येतात आणि सिलिकेट संपलं की आपसूक जातात. तसे ते गेलेही, पण पुढच्या पाहुण्याला जागा करून देऊन. मासे सोडले आणि दगडांवर हिरवी लव आली, बाळाच्या जावळासारखी. मी कौतुकाने फोटो काढले. पंधरा दिवसांत जावळाची शेंडी झाली आणि महिन्याभरात अंबाडा घालता येईल इतकं रान माजलं. त्यातून मासे अधूनमधून डोकं काढत, उसात लपलेल्या पोरांसारखे.

मी दात घासायच्या ब्रशने दगड घासले. सुटलेले धागे पाण्यात तरंगत जिथे बसले, तिथे नवीन शाखा उघडली. मग शेवाळ खाणारे तीन टर्बो शंख आणले. ते खातात, यात शंका नाही. पण उताणे पडले की बहुतेकदा त्यांना सरळ होता येत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता उठून, बाह्या सरसावून, शंखांना कुशीवर वळवणं हे माझ्याकडे आलं. आमच्या मुलीच्या तान्हेपणी मी इतक्या वेळा उठलो नव्हतो. हे मी म्हणत नाही, बायको म्हणते.

अशात वाळव्याहून अण्णा आले. चहाची बशी हातात घेऊन टाकीसमोर बसले आणि बराच वेळ गप्प राहिले.

"पाणी खारं हाय?"

"हो. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ."

"इकत आणतोस?"

"हो."

"गावाकडं रान क्षारपड झालं म्हणून आमी कपाळाला हात लावून बसलोय, आन् तू पैसं मोजून मीठ घालतोस."

मी विषय बदलायला पाण्याच्या चाचणीची वही दाखवली. नायट्रेट पन्नास. खालच्या रकान्यात फॉस्फेट, तिथे मात्र जवळजवळ शून्य. अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "आरं, हे नत्र. आन् ह्यो स्फुरद. ही तर खतं हायत! दिवसाला किती टाकतोस?"

खत टाकत नाही, माशांना खाऊ घालतो, असं मी सांगितलं. किती, या प्रश्नावर घरात चौकशी बसली. सकाळी मी चिमूटभर टाकत होतो. शाळेतून आल्यावर मुलगी. संध्याकाळी बायको, कारण 'ते आशेने बघतात.' उरलेलं कुजून त्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट होत होतं. वर दिवा बारा तास.

"आन् स्फुरद शून्य कसा?" मी विचारलं. मला वाटलं, इथे अण्णा अडकतील.

"पिकानं उचलला की मातीत कुठनं घावणार?"

दोन मासिकं आणि असंख्य व्हिडिओ बघून मला जे कळलं नव्हतं, ते बशीतला चहा संपायच्या आत कळलं. पाण्याची पातळी खाली गेली की मी खारं पाणी ओततो, हे ऐकून तर त्यांनी बशीच खाली ठेवली. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणूनच तर आमची जमीन गेली, म्हणाले. भर घालायची ती गोड्या पाण्याची.

तेव्हापासून खाणं एकवेळ, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दिवा सात तास. बोअरचं पाणी बंद, त्याऐवजी शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं पाणी. आपल्या ओट्यावरचा आरओ चालत नाही. चवीसाठी तो थोडे क्षार मुद्दाम राखतो. दर रविवारी दहा लिटर पाणी बदलायचं आणि आधी शेवाळ हाताने उपटून बाहेर टाकायचं. अण्णा याला खुरपणी म्हणत आणि माझ्या मागे उभं राहून "मुळापासनं" असं सांगत. बाहेर काढलेलं खारं पाणी मी एकदा मोगऱ्याला घातलं. तो मोगरा आता नाही. त्याबद्दल घरात बोलत नाहीत.

अण्णा गावी गेले, पण रोज सातला फोन येतो. "तण कसं हाय?" दोन महिन्यांनी मी अभिमानाने सांगितलं, दगड दिसायला लागले. परवा मात्र वाळूवर लालसर, बुळबुळीत साय धरली. मी कळवलं, की हे सायनोबॅक्टेरिया, खरं तर शेवाळही नव्हे. निळं-हिरवं शेवाळ म्हणतात त्यातलाच प्रकार.

पलीकडे क्षणभर शांतता.

"निळं-हिरवं? आरं, ते भाताला घालत्यात की! शिराळ्याला तुझा मामा पाकिटं इकत आणतो."

"अण्णा, हे खाऱ्या पाण्यातलं आहे."

"आसंना का. टाकू नगंस. वाळवून ठेव, येतो मी घ्यायला."