ट्रम्पेटच्या वर्गाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की, चार महिने फी भरूनही मुलीला एक गाणं धड वाजवता येत नाही, सर नुसतं ‘पूं पूं’ करायला लावतात, जुलैत तीन रविवार ते वर्गावर नव्हते, आणि 15 ऑगस्टला शाळेच्या बँडमध्ये तिच्या हाती ट्रम्पेटऐवजी झांजा आल्या. वाचून फार वाईट वाटलं. त्या दिवसासाठी ती किती आतुर होती, हे मी दर रविवारी पाहत होतो.

आधी माझ्या चुका. जुलैचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. आईच्या ऑपरेशनमुळे मी गावी होतो. एक वर्ग झालाच नाही, दोन माझ्या जुन्या विद्यार्थ्याने घेतले. तो साइड ड्रम उत्तम वाजवतो, पण ट्रम्पेटवर कुणाचे ओठ कुठे चुकतायत हे त्याला कळणार नाही. वर्ग रद्द झाल्याचा निरोप ग्रुपवर सकाळी आठला टाकला, तोवर तुम्ही घरून निघालाही होतात. या तिन्ही वर्गांचे पैसे परत घ्या किंवा वर्ग भरून घ्या, तुम्ही म्हणाल तसं. दुसरं म्हणजे अकरा मुलं एका खोलीत. पाच ड्रम वाजत असताना ट्रम्पेटवाल्या मुलाला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं. येत्या रविवारपासून फुंकून वाजवायची वाद्यं आठ ते नऊ आणि ड्रमवाले त्यानंतर.

‘पूं पूं’ मात्र मी यापुढेही करून घेणार आहे, आणि का ते सांगतो. ट्रम्पेटला कळा तीनच. एकही कळ न दाबता त्यातून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग निघतो. यातला कुठला निघणार हे ओठांचा ताण आणि श्वास ठरवतात. पेटीची पट्टी दाबली की स्वर हजर, तसं इथे नाही. आधी ओठ तयार व्हावे लागतात, आणि ते एकच स्वर लांब धरून, मनात आकडे मोजत होतात. बिगुलाला तर कळाच नसतात, तिथे सगळा खेळ ओठांचा.

त्यात शाळेच्या बँडला चालत वाजवायचं असतं. संचलनात मिनिटाला 120 च्या आसपास पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाचा हिसका माउथपीसमधून, म्हणजे ओठांना लावायच्या तोंडाच्या तुकड्यातून, ओठांवर येतो. ओठ कच्चे असले की मूल माउथपीस ओठांवर दाबून धरतं. मग ओठावर गोल वळ उठतो, आणि दुसऱ्या दिवशी स्वरच फुटत नाही. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं, पण ‘जय हे, जय हे’चे वरचे स्वर शेवटी येतात, ओठ थकल्यावर. म्हणून यंदा तिला ट्रम्पेट देऊन संचलनात उभं करावं का असं शाळेने मला विचारलं असतं, तर मीही नकोच म्हटलं असतं. हे मी तुम्हाला जूनमध्येच सांगायला हवं होतं. तुम्ही आशेवर राहिलात याला कारण मीच.

घरच्या सरावाबद्दल तुम्ही लिहिलंय की फ्लॅटमध्ये शेजारी तक्रार करतात. अडचण खरी आहे. पण रविवारच्या एका तासावर ओठ तयार होत नाहीत. रोज वीस मिनिटं हवीत, आणि आठवड्याची कसर शनिवारी दोन तास वाजवून भरून निघत नाही, उलट ओठ दुखावतात. पहिली पाच मिनिटं नुसतं माउथपीस फुंकायचं, त्याचा आवाज ट्रम्पेटपेक्षा बराच कमी असतो. पुढे भोंग्यात म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, बसवायचा. वर्गातला एक म्यूट मी तिला घरी देतो, त्याचे पैसे नकोत. म्यूट नसेल त्या दिवशी जुना सुती नॅपकिन सैलसर कोंबला तरी चालतं. वाजवायचं तितकीच विश्रांती घ्यायची, आणि आरशासमोर बसायचं, म्हणजे गाल फुगले की तिचं तिलाच दिसेल.

तिची सरावाची वही मी इथे उघड करणार नाही, ती तिची आहे. एवढंच सांगतो की मे महिन्यात तिचा सा चार आकड्यांवर तुटायचा. गेल्या रविवारी तो बारापर्यंत टिकला, न थरथरता, आणि तिने आधी माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं, तुम्ही आलात का म्हणून.

रोजची वीस मिनिटं जमली तर 26 जानेवारीला लांब स्वरांचा सोपा भाग ती वाजवू शकेल असं मला वाटतं. शब्द देत नाही, डिसेंबरमध्ये तुमच्यासमोर वाजवून घेऊन ठरवू. वर्ग सोडायचा असेल तरी एकदा या. तिचं माउथपीस इथेच राहिलंय, कोमट पाण्याने धुऊन, तिच्याच रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलंय.